आईच्या दोन शेळ्या आणि बारा शब्द

माझ्या आईच्या दोन शेळ्या चार वर्षं इंटरनेटवर होत्या.

म्हणजे झालं असं. चार वर्षांपूर्वी आईनं भूमच्या बाजारात दोन शेळ्या विकल्या आणि पैसे माझ्या हातात देत म्हणाली, "ब्यांकेत टाक. शेड बांधायचं निघालं की काढू." आता मी पडलो कॉम्प्युटरचा मास्तर. भूमला, आमच्या तालुक्याच्या गावी, माझा क्लास आहे. एक खोली, आठ कॉम्प्युटर, त्यातले सहा चालू. अशा माणसानं पैसे बँकेत ठेवायचे? त्या दिवसांत जो तो क्रिप्टोबद्दल, म्हणजे इंटरनेटवरच्या चलनाबद्दल, बोलत होता. मी दोन्ही शेळ्यांचं क्रिप्टो घेऊन टाकलं, आणि वर आणखी शहाणपणा म्हणून ते विकणाऱ्या कंपनीकडं न ठेवता स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून घेतलं.

वॉलेट म्हणजे मोबाईलमधली एक न दिसणारी पेटी. तिला बेचाळीस अक्षरांचा नंबर असतो, तो जगात कुणीही बघू शकतं. आणि ती उघडायला बारा इंग्रजी शब्द असतात, ते जगात कुणालाही सांगायचे नसतात. माझे बारा शब्द मी कागदावर लिहून तुळजाभवानीच्या तसबिरीमागं खोचून ठेवले. (देवीवर विश्वास होताच. शिवाय तिथं एक पाल राहायची, त्यामुळं माझी बायको मनीषा तिकडं हात घालत नसे.)

आईला खरं सांगायला मला दीड वर्ष लागलं.

"मंग शेळ्या हायत कुठं?" तिनं विचारलं.

"इंटरनेटवर."

"चारा कोन घालतंय?"

"चारा लागत नाही, आये."

"मंग ऱ्हाऊ दे," आई म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. अठरा शेळ्यांना रोज चारायला नेणाऱ्या बाईला न खाणाऱ्या शेळ्यांबद्दल काय तक्रार असणार!

यंदा मात्र वळवाच्या वाऱ्यात आमच्या जुन्या शेडचे पत्रे उडाले. एक पत्रा तर थेट शेजारच्या गावाच्या हद्दीत सापडला. अठरा शेळ्या ओसरीवर आल्या, त्यातली एक माझ्या कॉटवर झोपायला लागली. इथवर गंमत होती. पण मागच्या पावसाळ्यात भिजून आमची दोन करडं दगावली होती, तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "दत्ता, मिरगाच्या आदी शेड पायजे. आन त्या दोघींना आता घरी."

मी क्रिप्टो विकायला कंपनीकडं पाठवलं. (चार वर्षांत दोन शेळ्यांच्या पाच शेळ्या झाल्या होत्या, तेही बोकडाशिवाय!) आणि कंपनीचा मेल आला. 'ज्या वॉलेटमधून ही रक्कम आली ते तुमचंच आहे, हे सात दिवसांत सिद्ध करा. तोवर रक्कम थांबवून ठेवली आहे. मुदत टळल्यास प्रकरण चौकशीला जाईल.' चौकशी म्हणजे निदान सहा महिने. म्हणजे मृग गेला, पोळा गेला, दिवाळी गेली.

मेलमध्ये खाली बरंच काही लिहिलं होतं. ते मी वाचलं नाही. आपल्याकडं 'सिद्ध करा' म्हटलं की माणसाचे पाय आपोआप तहसीलकडं वळतात, तसे माझे वळले.

तहसीलसमोरच्या लिंबाखाली एक अर्जनवीस अण्णा बसतात. त्यांनी पाचशेचा बाँड समोर ओढला, चष्मा पुसला.

"मिळकतीचं वर्णन सांगा."

"वॉलेट."

"चतुःसीमा?"

"अण्णा, त्याला चतुःसीमा नसतात."

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तीस वर्षं झाली लिवायलोय. चतुःसीमा न्हाईत अशी मिळकत म्या लिवली न्हाय आन लिवनार बी न्हाय!"

शेवटी वाटाघाटी होऊन असं ठरलं : पूर्वेस इंटरनेट, पश्चिमेस इंटरनेट, दक्षिणेस सदर कंपनी व उत्तरेस अर्जदाराचा मोबाईल. साक्षीदार म्हणून चहावाल्यानं आणि वारसा लावायला आलेल्या एका गृहस्थानं सह्या केल्या. त्या गृहस्थांनी तर सही करताना मला धीरही दिला, "हुतंय, हुतंय. वेळ लागतो पर हुतंय."

घरी आल्यावर मनीषानं तो बाँड आणि माझा मोबाईल शेजारी शेजारी धरला.

"अहो, मोबाईलमधी 'बी' हाय आन ह्यात आठ लिवलाय."

"कुठं?"

"ह्ये काय. तेविसावं अक्षर."

मी बोटानं मोजून बघितलं, खरंच आठ होता. पाचशेच्या बाँडवर, दोन साक्षीदारांसमोर, ईश्वराची शपथ घेऊन मी भलत्याच नंबरचा मालक झालो होतो! परत तहसील, परत बाँड, परत चहावाला. (वारसावाले गृहस्थ अजून तिथंच होते.) दुरुस्त केलेला बाँड स्कॅन करून पाठवला. कंपनीचं एका ओळीत उत्तर आलं, की असली कागदपत्रं चालत नाहीत. सातातले पाच दिवस संपले होते.

मग मी घाबरून मोबाईलवरच्या एका क्रिप्टोच्या ग्रुपवर लिहिलं, 'वॉलेटची मालकी सिद्ध करायची आहे, कृपया मदत करा.' दहाव्या मिनिटाला फोन वाजला! इतकी तत्पर सेवा मला आयुष्यात मिळाली नव्हती.

"नमस्कार सर, मी पडताळणी अधिकारी बोलतोय. तुमचं काम पाच मिनिटांत होईल. फक्त तुमचे ते बारा शब्द सांगा."

आता खरं सांगतो. मी क्लासमध्ये दर महिन्याला एक धडा शिकवतो, 'ऑनलाइन सुरक्षितता'. त्यात मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो, की पासवर्ड कुणालाही सांगू नये. तोच मी "एक मिनिट हं साहेब" म्हणून देवघराकडं पळालो आणि तसबिरीमागं हात घातला. पाल पळाली. आई दारात करडाला दूध पाजत बसली होती.

"भर दुपारचं देवीला काय करायलास?"

"आये, वॉलेट आपलंच आहे हे ह्या साहेबांना सिद्ध करून द्यायचंय."

"आन कागद कशाचा?"

"ही किल्ली म्हण. ही ज्याच्याकडं, त्याच्या त्या शेळ्या."

"आन ती तू त्येला देनार?"

"आपल्याच आहेत हे कळायला नको का?"

आईनं करडू खाली ठेवलं. "बाजारात त्या येपाऱ्यानं माजी शेळी आपल्या कळपात ओढली तवा म्या काय केलं?"

ते मला चांगलंच आठवत होतं, कारण त्या दिवशीही मी शहाणपणा केला होता. आमच्याकडच्या शेळ्या सगळ्या काळ्याभोर, लांब कानांच्या. व्यापारी म्हणाला माझी, आई म्हणाली माझी. मी म्हणत होतो, अर्ज देऊ, पंचनामा करू. आईनं शेळीला हातसुद्धा लावला नाही. ती वीस पावलं लांब गेली आणि तोंडानं 'हिर्रर्र ये, ये' असा एकच आवाज काढला. शेळी माणसांच्या तंगड्यांतून वाट काढत तिच्याकडं आली. मग व्यापाऱ्यानंही हुबेहूब तोच आवाज काढून बघितला. शेळीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"शेळी माजी हाय हे दावायला म्या शेळी त्येच्या हातात दिली का?" आई म्हणाली. "हाक मारून दावली. हाक समद्यांनी ऐकली, पर शेळी माज्याचकडं आली. तुज्या पेटीला हाक मारता येती का न्हाय, ते बघ. किल्ली कशाला देतूस, येड्या?"

मग तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"नमस्कार सायब. म्या दत्ताची आई. शब्द सांगते की. पर तुमी कंपनीचंच सायब कशावरनं?"

"आजी, माझा आयडी नंबर आहे ना, लिहून घ्या."

"नंबर काय, कुनीबी सांगल. तुमची माय हाय का घरात? तिला द्या जरा फोन. ती सांगल तुमी कोन ते."

पलीकडून फोन कट झाला.

मी कंपनीचा मेल पुन्हा उघडला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. तिथं अगदी तेच लिहिलं होतं! कंपनी एक ओळ देणार, आपण ती वॉलेटमध्ये टाकून एक बटण दाबायचं, वॉलेट त्यावर आपली खूण उमटवतं, आणि ती खूण खऱ्या मालकाशिवाय कुणाला उमटवता येत नाही. बारा शब्द कुणाला सांगायचे नाहीत, कंपनीलासुद्धा नाही. जे समजायला मला मेल दोनदा वाचावा लागला, ते माझी आई अक्षरओळख नसताना बाजारात उभ्या उभ्या करून मोकळी झाली होती. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "कागद हिकडं आन. तुज्याकडं ऱ्हायला तर कुनालाबी देशील." आणि कागद तिनं पान-सुपारीच्या चंचीत घातला.

इथं खरं तर सगळं संपायला हवं होतं. पण त्या भामट्याच्या धास्तीनं मी मोबाईलमधलं वॉलेटचं ॲपच पुसून टाकलं. तो फोनमधून आत शिरला असला तर, अशी मला शंका! आमच्या गावात नेटची रेंज असून नसल्यासारखी, म्हणून सातव्या दिवशी क्लासला येऊन मी ॲप नव्यानं घेतलं. ते उघडलं आणि त्यानं विचारलं, 'तुमचे बारा शब्द टाका.'

शब्द कुठं? चंचीत. चंची कुठं? गावात, आईच्या कमरेला. मुदत संध्याकाळी पाचला संपत होती. समोर वीसेक विद्यार्थी बसले होते, बहुतेक नोकरदार माणसं, अंगणवाडीच्या दोन बाई, एक कंडक्टर, आणि फळ्यावर 'ऑनलाइन सुरक्षितता'. मी गावाकडं फोन लावला.

"आये, तो कागद मनीषाकडं दे, तिला वाचून दाखवू दे."

"कोन बोलतंय?"

"मी दत्ता."

"कशावरनं?"

"आये! मी तुझा दत्ता!"

"त्यो परवाचा सायब बी असाच ग्वाड बोलत हुता."

मी जन्मतारीख सांगितली. आजोबांचं नाव सांगितलं. शेताचा गट नंबर सांगितला.

"हे समदं त्या बाँडवर लिवलंय. दोनदा. आख्ख्या तहसीलनं वाचलंय."

"मग तूच विचार काहीतरी!"

आईनं थोडा विचार केला. "दुसरीत असताना पंधरा आगस्टला शाळंतनं रडत आलतास. कशापायी?"

मी वर्गाकडं पाठ केली, हात तोंडाशी धरला आणि पुटपुटलो.

"ऐकू येईना. मोठ्यानं बोल."

"आये, इथं माणसं आहेत..."

"मंग ठिवू का फोन?"

"बोकडानं चड्डी खाल्ली!" मी ओरडलो.

सहाच्या सहा कीबोर्ड एकदम थांबले.

"व्हय," आई शांतपणे म्हणाली, "ह्यो माजाच हाय." मी सुस्कारा सोडला. "पर शब्द फोनवर सांगायचे न्हाईत. दोनच्या एसटीनं म्याच येते."

आणि ती आली. सव्वातीनला दारात उभी राहिली, डोक्यावर पदर, कमरेला चंची. सगळा वर्ग आपण होऊन उभा राहिला. (माझ्यासाठी तो आजवर एकदाही उठलेला नाही.) तिनं आधी माझं तोंड नीट न्याहाळलं, मग कागद काढला. सातव्या शब्दावर चुन्याचं बोट उमटलं होतं, पण वाचता आला. मी शब्द टाकत होतो तेव्हा ती माझ्यामागं दोन्ही हातांनी पदर पसरून उभी होती, कुणाच्या नजरेला एक अक्षर पडू नये म्हणून. मग कंपनीनं दिलेली ओळ टाकली आणि बटण दाबलं. साडेचारला मेल आला, मालकी सिद्ध झाली.

शेड मृगाच्या चार दिवस आधी उभी राहिली. परवा धो धो पाऊस झाला, आणि अठरा शेळ्या आणि सात करडं आत कोरडी ठणठणीत होती. आई दारात बसून कितीतरी वेळ त्यांच्याकडं बघत होती. माझी कॉटही मला परत मिळाली.

त्या दिवशी मेलची वाट बघता बघता कंडक्टरनं आणि अंगणवाडीच्या बाईंनी आईला चहा पाजून पाजून खोदून विचारलं. ते बारा शब्द तिनं कुणाला कळू दिले नाहीत. चड्डीची गोष्ट मात्र तिनं सगळ्यांना पहिल्यापासून सांगितली, रंगासकट.