आईकडचं रक्त

मी लहानपणापासून फिकट. जिना चढले की धाप, शाळेत प्रार्थनेला उभी राहिले की चक्कर. आमच्या घरी यावर एकच निदान ठरलेलं होतं. माझे वडील, म्हणजे अप्पा, ते येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे: "तिच्या आईकडचं रगातच पातळ. आमच्याकडं कोन असं न्हाई." आई उलटून बोलायची नाही. बीट किसायची, खजूर भिजवायची, लोहाची गोळी हातावर ठेवायची.

पुढे मी नेरुळच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले. अर्धं आईकडून येतं, अर्धं वडिलांकडून, हे दरवर्षी फळ्यावर लिहीत होते, आणि घरी मात्र अप्पांचं म्हणणं निमूट ऐकून घेत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला त्याची आजही लाज वाटते.

गेल्या वर्षी दिवस गेले तेव्हा नेहमीच्या तपासण्यांत कळलं, की मला थॅलेसेमिया मायनर आहे. आजार म्हणावा असं त्यात काही नाही. रक्त जन्मभर थोडं कमी, इतकंच. आणि ते बिटानं काही वाढत नाही. नवऱ्याची तपासणी व्यवस्थित आली, त्यामुळे बाळाची काळजी मिटली. डॉक्टर जाता जाता म्हणाल्या, "आईवडिलांपैकी कुणाकडून तरी आलंय. जमलं तर त्यांचंही बघून घ्या."

कळंबोलीला माहेरी जाऊन मी हे सांगितलं. आई चपात्या लाटत होती. न थांबता म्हणाली, "माझं बघ. उद्याच बघ." तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

"बघा की," अप्पा म्हणाले. "माझंबी घ्या, फरक दिसंल." पण हे असं रक्तात येतं कुठून, ते त्यांना समजून घ्यायचं होतं.

मी सांगितलं, की शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक रेणू असतो. त्यात अक्षरं चारच, पण ती कोणत्या क्रमानं येतात त्यात सगळं लिहिलेलं असतं. रक्तातलं हिमोग्लोबिन कसं बनवायचं तेसुद्धा. एका पेशीच्या दोन व्हायच्या आधी त्या सगळ्याची नक्कल होते, म्हणजे दोघींकडे पुरा मजकूर जातो.

अप्पांची हयात लोखंड बाजारात पोलादाच्या प्लेटी कापण्यात गेली. ते लगेच म्हणाले, "आमचं तेच. कापायच्या आदी प्लेटीवरचा भट्टीचा नंबर दुसऱ्या बाजूलाबी ठोकून घ्यायचा. बिननंबराचा तुकडा कुठल्या भट्टीचा, सांगणार कोन? भंगारातच जायचा."

"आणि नंबर चुकीचा ठोकला गेला तर?"

"तर काय. पुढचा मानूस त्योच बघून ठोकनार. एकदा माझ्या हातनं तिनाचा आठ झाला. धा तुकडे पडले, धाच्या धांवर आठ." ते हसले. "प्लेट बघून काय कळतंय? दिसाया ठणठणीत."

"इथंही तसंच, अप्पा. पुष्कळदा एकच अक्षर बदललेलं असतं. पुढे ते इमानानं उतरत जातं. वरून माणूस धडधाकट असू शकतो."

अप्पांचं हसू जरा ओसरलं. इतका चांगला दाखला मला वर्गात कधी सुचला नव्हता, हे कबूल करते.

दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट रविवारी सकाळी माझ्या फोनवर आले, तेव्हा मी कळंबोलीलाच होते. आईचं रक्त अगदी ठीक होतं. माझ्यासारखं होतं ते अप्पांचं.

अप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग साताऱ्याकडे गावी माझ्या मामाला फोन लावला आणि मोठ्यानं म्हणाले, "पोरीचं रगात आमच्याकडनं आलंय. तुमच्या बहिणीकडनं न्हाई. मी उगा इतकी वर्सं तिला बोल लावला." बोल चारचौघांत लावला होता, कबुलीही त्यांनी घरापुरती ठेवली नाही. मला त्यांचा अभिमान वाटला. फोन ठेवून ते आईला म्हणाले, "चुकलं माझं."

मला वाटलं, आई आता मनसोक्त सुनावेल. तिनं पदराला हात पुसले.

"मला सांगून काय उपेग," ती म्हणाली. "माझी आई तीन वर्सांमागं गेली. शेवटच्या दुखण्यातबी म्हनत व्हती, तुझ्या बाळंतपनात मी तुला नीट खाऊ घातलं न्हाई, म्हनून पोर अशी झाली. तिला आता कोन सांगनार?"

आजी हे म्हणाली, तेव्हा तिच्या उशाशी मीही बसले होते, आणि तसं नसतं एवढंही तिला सांगितलं नव्हतं.