विसळलेली बाटली

"बाटली वट्टावर ठेव. विहिरले हात लावजो नको."

गावचे पुढारी आबा मला हे म्हणाले तेव्हा मी सरकारी आरोग्यसेविका होते. अमळनेरकडच्या त्या गावात हगवण पसरली होती. बौद्ध वस्तीतल्या बाया विहिरीला शिवल्या म्हणून रोग आला, असं गावानं ठरवून टाकलं होतं. वस्तीला शेतातलं काम बंद. वस्ती माझ्याच लोकांची. तरी मी बाटली ओट्यावर ठेवली. त्याची लाज आजही जाळते.

जळगावला पाण्याचा नमुना पाठवायचा तर अहवाल यायला बरेच दिवस लागायचे. ही बाटली स्वस्त, पिशवीत मावणारी. आत औषध लावलेली कागदाची पट्टी. पाणी भरायचं, उबेला ठेवायचं. काळं पडलं तर पाण्यात घाण.

माझ्या हाताचा विटाळ जावा म्हणून आबांनी ती तीनदा खळखळून विसळली. मग भरली. पट्टीवरचं औषध ओट्यावरून वाहून गेलं. आता ती काळी पडणारच नव्हती, हे मला कळत होतं. मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी पाणी नितळच. आबा चारचौघांत हसले. "देख, आमनं पानी चोखं शे. रोग तुमनी वस्तीमा शे."

माझं डोकंच फिरलं. दोन नव्या बाटल्या काढल्या. कुणाला विचारलं नाही. पोहरा उचलून विहिरीत सोडला. बाया हंडे घेऊन मागं सरल्या. एक बाटली विहिरीची भरली, दुसरी वस्तीतल्या हातपंपाची. दोन्ही चावडीत, सगळ्यांदेखत, एकाच फडक्यात बांधून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं. विहिरीचं पाणी काळंकुट्ट. हातपंपाचं होतं तसंच.

"तुन्हा हात लागना म्हनीसन काळं पडनं," आबा म्हणाले.

"हात दोन्ही बाटल्यांना माझेच लागले, आबा."

खोटं कशाला सांगू, मला सूड घेतल्याचा आनंद झाला. आबांची मान खाली गेलेली मी पोटभर पाहिली. मग सांगितलं, "वस्तीवरचा आळ इथंच मागं घ्या. आणि विहिरीत औषधाची पावडर उद्यापासून मीच टाकणार. माझ्याच हातानं. रोज. दुसरं माणूस मिळणार नाही."

आबांनी आळ मागं घेतला नाही. मी रोज पावडर टाकली. त्यांच्या डोळ्यांसमोर, काठावर उभी राहून. त्यानंतर बाटली मी कधीच कुणाच्या ओट्यावर ठेवली नाही.