शेगडी खाली करताना

सांगते, सगळं सांगते. पण एक अट आहे, मधे कोणी हसायचं नाही! आमच्या ह्यांनी हा प्रकार निम्म्या पालमला आधीच ऐकवलाय, आणि त्यात स्वतःच्या पदरचा भरपूर तिखटमसाला घातलाय. म्हणून म्हटलं, खरं काय झालं ते माझ्याच तोंडून ऐका. एवढा मोठा घोळ घालायलासुद्धा अंगात धमक लागते हो. येरागबाळ्याला जमणार नाही.

मी मूळची भुसावळची. आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. कँटोन्मेंटात राहून दिल्लीची इतकी सवय झालेली, की परत न जाता आम्ही पालमच्या एका गल्लीत दुमजली घर घेतलं. खाली आम्ही, वर भाडेकरू. विमानतळ इतका जवळ, की विमान डोक्यावरून गेलं की समोरच्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसतात. पाहुणे दचकतात. आम्ही नाही दचकत. मधलं वाक्य आम्ही अंदाजानं भरून घेतो आणि पुढे बोलत राहतो.

वरच्या मजल्यावर मिश्राजी. उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्यातले, शाळेत गणित शिकवतात. त्यांची बायको शालिनी, आणि मिश्राजींची आई, अम्माजी. भाडेकरू म्हणायचे ते आपले नावाला. माझ्या अंगणातला कढीपत्ता निम्मा त्यांच्या फोडणीत जातो, आणि त्यांचा मोठा कुकर कायम माझ्या ओट्यावर असतो. माणसं सभ्य तरी किती! दुपारी जिना उतरताना चपला हातात घेतात, आमची झोप मोडू नये म्हणून.

आता मुद्द्यावर येते. थंडी पडली की माझा जीव भरतासाठी कासावीस होतो. भरीत म्हणजे आपलं खानदेशी हं! लांबलचक हिरवी वांगी, उघड्या जाळावर काळीठिक्कर भाजलेली, त्यात ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, वर तेल. दिल्लीत लोक गॅसवर वांगं भाजतात आणि त्याला भरता म्हणतात. म्हणू देत बापडे.

यंदा मी ठरवलं, आमच्या भिशीच्या बायकांना अस्सल भरीत खाऊ घालायचंच. सगळ्या फौजी बायका. सातारा, सांगली, बीड, कुठकुठल्या. वांगी भाच्यानं रेल्वेनं पाठवली. राहिला जाळ. तर इथल्याच छतरपूरच्या एका फार्महाउसवाल्यानं आपली बाहेर ठेवायची मोठी शेगडी विकायला काढली होती, ती मी न बघताच घेतली. ओतीव लोखंडाची. खाली मोठ्ठं पोट, वर घुमटासारखं झाकण, पायाला चाकं. फोटोत छान दिसली. फोटोला वजन कुठे असतं?

रविवारी सकाळी शेगडी आणणाऱ्या पिकअपवाल्याचा फोन आला. राजबीर त्याचं नाव, हरियाणातल्या झज्जरकडचा. आमचे हे बाजारात गेलेले. मी अंगणात, बरोब्बर मिश्राजींच्या बाल्कनीखाली उभी.

राजबीर म्हणाला, "भाभीजी, माल घणा भारी सै. ऊपर ढक्कन, नीचे पेट, दोनों साथ बँधे हैं. शाम को लाऊँ? आदमी मिल जाएँगे."

"शाम को? बिल्कुल नहीं!" मी कडाडले. "दोपहर को मेरे लोग आ रहे हैं. मुझे दोपहर के पहले खाली चाहिए!"

तेवढ्यात विमान आलं. मी आवाज आणखी चढवला.

"सुनो! पहले ऊपरवाला खाली करो! एक बार ऊपरवाला निकल गया ना, फिर मुझे टेन्शन नहीं! क्या? भारी है तो मैं क्या करूँ? धक्का मारके निकालो! और मेरी दीवार को खरोंच नहीं आनी चाहिए, समझे?"

फोन ठेवला. वाटलं, वा कुंदा! काम असं करून घ्यावं लागतं.

वरून कपड्याचा एक चिमटा माझ्या पायाशी टपकन पडला. बघते तर बाल्कनीत शालिनी, हातात ओला टॉवेल. मी हात हलवला. तिनं नाही हलवला. म्हटलं, थंडी आहे, बोटं आखडली असतील.

पाच-दहा मिनिटांनी ती खाली आली. चेहरा उतरलेला.

"भाभीजी, वो... आज ही करना है?"

मला वाटलं, शेगडीचं विचारतेय. "हाँ हाँ, आज ही. दोपहर के पहले."

ती काहीतरी पुटपुटली, पण पुन्हा विमान. मला नुसतं "हमसे कोई..." एवढंच ऐकू आलं. पुढचं मी भरून घेतलं: हमसे कोई मदद चाहिए? किती गुणाची पोर!

"बिल्कुल चाहिए!" मी म्हटलं. "मिश्राजींना पण बोलाव. सगळ्यांनी हात लावला की पटकन होईल."

"पर इतनी जल्दी... अम्माजी को लेकर..."

"अम्माजी को धूप में कुर्सी पे बिठा दो. उनको क्या करना है? मैं हूँ ना!"

नंतर कळलं, तिनं विचारलं होतं, "हमसे कोई गलती हुई?" आणि मी ठणकावून काय सांगितलं? बिल्कुल!

पिकअप आली. शेगडी बघून माझीच बोबडी वळली. शेगडी कसली, रेल्वेचं इंजिनच ते! पण फौजेतल्या माणसाची बायको मी, गडबडून कसं चालेल? मी पदर खोचला आणि हुकूम सोडायला सुरुवात केली.

मिश्राजी खाली आले. डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर, आणि चेहऱ्यावर शोककळा. आले तसे त्यांनी शेगडीला हात लावला. झाकण आधी उतरलं. मग पोट. पिकअपला दोन फळ्या टेकवल्या आणि पोट त्यावरून हळूहळू घसरवायला घेतलं. मधेच ते तिरकं होऊन माझ्या कढीपत्त्याच्या रोखानं निघालं!

"थांब! थांब!" मी किंचाळले. घाबरले की माझ्या तोंडून मराठीच निघते.

राजबीरला ऐकू आलं, थाम! थाम! त्यानं ते धूड गच्च आवळलं आणि तसाच चालत राहिला. जितकी मी थांब म्हणते, तितका तो थामतो! शेवटी मिश्राजी मधे आडवे आले, तेव्हा कढीपत्ता वाचला. तुम्हीच बघा, माणूस मनातून घर सोडायला निघालाय आणि तरी घरमालकिणीचं झाड वाचवतोय!

शेगडी भिंतीशी लागली. एक ओरखडा नाही. मी टाळ्या वाजवल्या. मिश्राजी राजबीरला बाजूला घेऊन हळूच काहीतरी बोलत होते. म्हटलं असेल काही. मी कोळसे पेटवायला बसले.

थोड्या वेळानं जिन्यावर धडधड झाली. पाहते तर मिश्राजी आणि राजबीर लाकडी कपाट उतरवतायत.

आता शालिनी कधीपासून म्हणत होती, की ते जुनं कपाट आणि पलंग गाझियाबादला भावाकडे पाठवायचाय. मी लगेच ओळखलं. रिकामी गाडी दारात उभी आहे, पाठवून टाकतायत. हुशार माणसं!

"गाझियाबाद?" मी विचारलं.

"जी," मिश्राजी खालमानेनं म्हणाले. "फिलहाल तो साले साहब के यहाँ ही."

"बहुत अच्छा किया! कब का कर देना चाहिए था!"

मिश्राजींनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, कपाट जड आहे.

बरं, एवढ्यावर गप्प बसावं ना? पण माझं एक आहे, डोळ्यांसमोर कोणी चुकीचं सामान भरत असलं की मला राहवत नाही. आमच्या बदल्या किती झाल्या! पठाणकोट, जोधपूर, तेजपूर. प्रत्येक वेळी ट्रक मी भरलाय. मी कोळसे सोडून पिकअपमध्ये चढले.

"अरे, पलंग ऐसे नहीं, खडा करो! गादी बीच में डालो! रस्सी इधर दो!"

आणि त्या पलंगाला मी अशा गाठी मारल्या, अशा गाठी मारल्या, की राजबीर बघतच राहिला. मग फ्रिज आला. म्हटलं, अरे वा, नवा घेतायत वाटतं. एरियर मिळालं असेल. थोडा हेवाही वाटला मला, खोटं कशाला बोलू? मग मिक्सर, भांड्यांची पोती, पंखासुद्धा. पंखा बघून मनात शंका आली, पण तोवर मी इतकी रंगात आले होते, की पंख्याची पाती जुन्या चादरीत गुंडाळून कोपऱ्यात बसवून दिली.

शालिनी एकेक वस्तू माझ्या हातात देत होती आणि नाक पुसत होती. मी म्हटलं, "सर्दी झालीय ना? आलं घालून चहा देते." ती आणखीच मुसमुसायला लागली.

शेवटी अम्माजी आल्या. त्यांना धरून धरून आणलं आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसवलं. मांडीवर पितळेचे लड्डूगोपाल, त्यांना लोकरीचा स्वेटर घातलेला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात काहीतरी कडकन वाजलं. कपाट समजू शकते. फ्रिज समजू शकते. पण देव कोणी मेव्हण्याकडे ठेवायला पाठवतं का?

मी खिडकीशी गेले. "अम्माजी, आप किधर?"

अम्माजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोळे भरलेले. म्हणाल्या, "बहू, घर तुम्हारा है, हम कुछ नहीं कहेंगे. बस, ठाकुरजी को दोपहर का भोग लगा लेने देतीं."

म्हटलं, "भोग लगाने को किसने मना किया?"

मिश्राजी पुढे आले. एवढे सौम्य गृहस्थ, पण आवाज थरथरत होता. "भाभीजी, आप ही ने तो कहा. ऊपरवाला खाली करो, दोपहर के पहले. आपके लोग रहने आ रहे हैं. शालिनी ने खुद सुना."

"ऊपरवाला..." मी म्हणाले. ऊपरवाला! आपल्या मराठीतलं खाली म्हणजे जमिनीवर, आणि त्यांच्या हिंदीतलं खाली म्हणजे मोकळं! मी झाकण खाली घ्यायला सांगत होते, आणि वर उभ्या असलेल्या बिचारीला वाटलं, मी तिचं बिऱ्हाड खाली करायला सांगतेय!

"ढक्कन!" मी ओरडले. "अहो, ढक्कन! शेगडीचं वरचं ढक्कन! देवा, मी तुम्हाला कशाला काढेन?"

शालिनी माझ्याकडे बघत राहिली. "और वो, धक्का मारके निकालो?"

"शेगडीला गं!"

"और मैंने पूछा, हमसे कोई गलती हुई, तो आपने कहा, बिल्कुल!"

मी कपाळावर हात मारला. हाताला कोळसा लागलेला, तो कपाळाला लागला. अशी काळं फासलेली मी, त्या पोरीला मिठीत घेऊन भर गल्लीत रडायला लागले. ती पण रडायला लागली. मग एकदम बाजूला झाली आणि म्हणाली, "मैंने तो मन में आपको बहुत गालियाँ दीं, भाभीजी."

"बरं केलंस!" मी म्हटलं. "आणखी दे."

नेमके त्याच वेळी आमचे हे आले, आणि त्यांच्यामागून भिशीच्या बायका. ठेवणीतल्या साड्या, वर शाली, सगळ्या भरताच्या आशेनं आलेल्या. गल्लीत बघतात तर काय? भरलेली गाडी, रडणाऱ्या दोन बायका, आणि पुढच्या सीटवर स्वेटर घातलेला देव.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. हातातली पिशवी खाली ठेवली. मग एवढंच म्हणाले, "कुंदा, मी फक्त मिरच्या आणायला गेलो होतो गं!"

आता सामान परत वर न्यायचं. आणि गाठी सुटेनात! माझ्याच गाठी! ह्यांनी दात लावून बघितलं, राजबीरनं पाना घालून बघितलं, शेवटी विळीनं दोर कापला. भिशीच्या बायकांनी पदर खोचले आणि रांग लावली. साताऱ्याच्या वहिनींनी भांड्यांचं पोतं डोक्यावर घेतलं. सगळ्यांत आधी लड्डूगोपाल वर गेले. पहिला भोग त्यांना, बाकीचं बिऱ्हाड मागून.

त्यानंतर वांगी भाजली. काय सांगू भरताची चव! अम्माजींनी दोनदा मागून घेतलं. शालिनी हसायला लागली होती, पण मधूनच माझ्याकडे बघून विचारायची, "भाभीजी, प्लेट खाली करूँ?" आणि सगळ्या बायका खिदळायच्या.

राजबीरलाही आग्रहानं बसवलं. जेवून, हात धुऊन तो माझ्यासमोर उभा राहिला. जेवताना माझी थट्टा करणारा माणूस एकदम गंभीर. म्हणाला, "भाभीजी, एक काम था. बुरा ना मानो तो कहूँ."

मला वाटलं, जास्त वेळ थांबला म्हणून काही मागतोय. म्हटलं, "बोलो."

"म्हारे ताऊ के मकान में एक किराएदार बैठा सै. कई बरस हो लिए. वकील कर लिए, पंचायत कर ली, निकलता ही नहीं. आप एक बार चल के बोल दो बस."

मी तोंड उघडायच्या आत मिश्राजी पुरीचा तुकडा भरताला लावत शांतपणे म्हणाले, "ज़रूर ले जाइए. सामान भी खुद ही बाँध देती हैं."