मालिशीला जाताना लावलेली हळद

उजवा हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा सगळ्यात आधी माझा अंबाडा गेला. स्वयंपाक होत होता, धुणं होत होतं, भांडायला तर हात लागतच नाही. पण केस बांधायला दोन्ही हात मानेमागं न्यावे लागतात आणि माझा एक वाटेतच अडून बसायचा. डॉक्टर म्हणाले, खांदा आखडलाय. गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, खांदा होता तसाच.

एका सकाळी मी ओसरीवर एका हातानं केसांशी झोंबत होते, तेव्हा थोरल्या जाऊबाई आल्या. त्या शेजारीच राहतात, मधे नुसती तुराट्यांची तट्टी. पण दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो. त्यांच्या शेळीनं माझ्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या होत्या आणि त्या वर म्हणाल्या होत्या, "जनावराला काय कळतं?" जनावराला नाही कळत हो, पण बाईला कळतं की नाही? तर त्या सकाळी त्या तट्टी ओलांडून आल्या, माझ्या हातातली फणी हिसकली आणि म्हणाल्या, "अशी झिपरी फिरून राहिली तू, लोक घराला नावं ठेवतेत." तेव्हापासून रोज यायला लागल्या. केस असे ओढायच्या की डोळ्यांत पाणी यायचं, आणि ओढता ओढता गावातली एकूण एक बातमी सांगायच्या. कुरडयांचा विषय दोघींनीही काढला नाही.

अशात पुण्याच्या माझ्या लेकीनं फोनवरूनच वसमतला माझ्यासाठी मालिशीची वेळ घेतली. तिथं एक पोरगी शिकून आलीय, खांद्याचं चांगलं करते म्हणे. "आई, हलकं खाऊन जा, सैल कपडे घाल, अंगाला काही लावू नको," असं तिनं बजावलं. मी हो हो म्हटलं. हात बरा व्हावा असं कुणाला वाटत नाही? पण हात बरा झाला की फणी माझ्याकडं येणार, आणि जाऊबाईंना तट्टी ओलांडायला कारण उरणार नाही. हे लेकीला सांगितलं असतं तर तिनं डोक्याच्या डॉक्टरचीही वेळ घेतली असती.

जाऊबाईंना सांगितलं तर त्या फणी थांबवून हसतच सुटल्या. "मालिश? काहून, बाळंत झालीस का काय?" आमच्याकडं मालिश होते ती बाळंतिणीची, नाहीतर लेकराची. नातवंडं असलेल्या बाईनं एस्टीत बसून अंग चोळून घ्यायला जायचं, म्हणजे गावाला महिनाभर पुरेल एवढी करमणूक. हसून झाल्यावर मात्र त्या गंभीर झाल्या. "परक्या बाईच्या हाताखाली जायचं तर असं मळकं न्हाई जायचं. पाठ कोण घासतंय तुझी?"

पूर्वी आम्ही दोघी एकमेकींची पाठ घासायचो. न बोलणाऱ्या जावेला पाठ कशी दाखवणार?

जायच्या दिवशी त्या वाटी घेऊन हजर. वाटीत बेसन, करडीचं तेल आणि घरची हळद. "लेकीनं काही लावू नको म्हटलंय," मी म्हणाले.

"हळद म्हंजी काही लावणं हाय व्हय?"

आता हेही बराबरच होतं. हळद काढायच्या दिवसांत आमच्याकडची माणसं, कपडे, उंबरे, सगळंच पिवळं असतं. आंघोळ केली की अंगाला पाणी लावलं असं कुणी म्हणतं का? मला न्हाणीत बसवून त्यांनी पाठ, खांदे, दंड असे रगडले की मालिश इथंच उरकली असं वाटलं. "जरा हळू की वो बाई!" "उगी बस. ती पोरगी नाक मुरडंल तुझा मळ बघून." वर दोन तांबे पाणी ओतलं आणि झालं. सैल कपडे म्हणून मी त्यांचंच पोलकं घातलं. त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या, आणि जिभेला हाड नसल्यानं मी ते बोलून दाखवलं. त्या सोबत निघाल्या खऱ्या, पण वसमत येईस्तोवर एस्टीत खिडकीकडं तोंड करून बसल्या. मेलं माझं तोंड! मला वाटलं, झालं, लागली आणखी दोन वर्षं.

तिथं पलंगावर पांढरीशुभ्र चादर. त्या पोरीनं पोलकं काढायला लावून, वर पंचा टाकून मला आधी उताणं झोपवलं, खांदा हलवून बघितला, मग पालथं व्हायला सांगितलं. मी वळले आणि ती बघतच राहिली. चादरीवर माझी पाठ, खांदे, दंड, सगळं पिवळंधमक उमटलं होतं.

"मावशी, घरात लग्न आहे का?"

दारापाशी बसलेल्या जाऊबाई तिथूनच म्हणाल्या, "न्हाई वो ताई, तिची पाठ घासली. दोन वर्षांची ऱ्हायली व्हती."

मला हसू आवरेना. उशीत तोंड खुपसून हसले आणि हसता हसता रडूही आलं. त्या पोरीला वाटलं, तिचा हात जोरात लागला.

हिवाळाभर जात राहिले. जाऊबाई सोबत असायच्याच. शेवटी एकदा न्हाणीत हात वर नेला तर थेट मानेमागं पोचला! आनंद झाला आणि तेवढीच धडकी भरली. बाहेर येऊन फणी घेऊन त्यांच्यापुढं बसले आणि म्हणाले, "न्हाई वो, अजून लय तकलीफ हाय."

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी बाजेवर कुरडया वाळत होत्या आणि ती शेळी, तीच ती, तोंड घालायला आली. मी चप्पल उचलली, उजवा हात डोक्याच्या वर नेला आणि अशी भिरकावली की शेळी बें बें करत पळाली. मागं वळून बघते तर तट्टीपाशी जाऊबाई. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी केस मोकळे सोडून ओसरीवर बसले. त्या येणार नाहीत हे कळत होतं, तरी बसले. तर तट्टी वाजली. त्या आल्या, मागं बसल्या, फणी घेतली.

"माझी शेळी लय द्वाड हाय," त्या म्हणाल्या. "तवाबी तिचंच चुकलं व्हतं."

मी डाव्या हातानं तेलाची वाटी मागं सरकवली.

"आज खांदा दुखत असंल."

"लय दुखून राहिला वो बाई."

"मंग हालू नको," म्हणाल्या आणि केस असे ओढले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.