पुलाखालचा डबा

श्रावणात कंपनीने माझं ओळखपत्र गेटवरच काढून घेतलं आणि नवरात्र आलं तरी मी घरी चकार शब्द काढला नव्हता. बायको रोज सकाळी डबा भरून द्यायची. मी कंपनीचा निळा शर्ट घालून निघायचो आणि कंपनीकडे जाणारी अंबडची बस सोडून सरळ गंगेवर, म्हणजे आमच्या शहरातल्या नदीवर, जायचो. लाज काय चीज असते, ते मला तिथल्या जॉगिंग ट्रॅकवर कळलं.

नदीकाठी कुंभमेळ्याची कामं जोरात चालली होती. घाटासाठी जेसीबी अगदी पाण्यात उतरलेले. सांडपाण्याचा काळा पाइप नदीत पडायचा, नेमके तिथेच बगळे मासे टिपत उभे. पाणवेलींवर जांभळी फुलं आलेली, त्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अडकलेल्या. सुरगाण्याकडच्या बायका घमेली वाहत होत्या. अख्ख्या काठाला काम होतं, रिकामटेकडा मी एकटाच, तोही इस्त्रीच्या शर्टात! कुणी ओळखीचं दिसलं की मी बंद मोबाइल कानाला लावून, "हो साहेब, आजच माल पाठवतो," असं मोठ्याने बोलायचो. आठवलं तरी आता कान तापतात.

खंडेनवमीला सकाळी बायकोने हात पुढे केला. "अहो, कार्ड द्या." आमच्याकडे त्या दिवशी तिची शिवणाची कात्री, स्कूटीची किल्ली, लेकीची कंपासपेटी आणि माझं कंपनीचं कार्ड पूजेला असतं.

"लॉकरमध्ये राहिलं गं."

"मग येताना आणा. पूजा संध्याकाळी करू."

झालं! दिवसभर मी नदीकाठाने येरझारा घातल्या. मजुरांनी जेसीबीला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, मलाही खोबरं दिलं. ते मी खिशात टाकलं. दुपारी तर मी हद्दच केली. मोबाइलमध्ये जुन्या कार्डाचा फोटो होता, तो घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. "जसंच्या तसं बनवून मिळेल का?" असं विचारलं. दुकानदाराने आधी फोटो पाहिला, मग माझा शर्ट. मी तिथून अक्षरशः पळालो.

संध्याकाळी घरी पाट मांडलेला होता. कात्री, किल्ली, कंपासपेटी आणि त्यांच्या शेजारी विड्याचं एक पान, मोकळं. मी म्हणालो, "अगं, ते कार्ड..." तिने माझ्या हातातून डबा घेतला, घासला, पदराने कोरडा केला, त्या पानावर ठेवला आणि त्याला कुंकू लावलं.

"शिवलेले ब्लाउज द्यायला मी नदीच्या पुलावरूनच जाते," ती हळूच म्हणाली. "निळा शर्ट वरून दिसतो."

तिला सगळं माहीत होतं, आणि तरी ती रोज पोळीला तूप लावून देत होती.

तेवढ्यात लेक आली. "आई, बाबांचं कार्ड कुठंय?"

"बाबा सांगतील," बायको म्हणाली आणि निरांजन लावायला वळली.

मग सांगितलं. अडखळत, पाटाकडे बघत, सगळं सांगितलं. लेक रडेल असं वाटलं होतं. तिने पाटावरच्या डब्याकडे पाहिलं. नंतर म्हणाली, "मग बाबा, तुम्ही रोज जेवायचात कुठे?"

"पुलाखाली," मी म्हणालो, आणि माझी मान काही वर होईना.