जवारी कुणी लावली

अब्बांना दफन केल्यानंतरची तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, आणि दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं.

अंगात येणं वगैरे असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मिरजेत आमचं तंबोरे बनवायचं दुकान आहे, पण त्या कामाला मी कधी हात लावला नाही… लावू दिला नाही. मी बारा वर्षांचा असताना अब्बा म्हणाले होते, "तुला कान न्हाई रं. पुस्तकं वाच." मी वाचत राहिलो.

त्या सकाळी साताऱ्याच्या एक गाणाऱ्या बाई ऑर्डरचा तंबोरा न्यायला आल्या. फक्त जवारी लावायची राहिली होती — तारेखालची हाडाची घोडी कानशीनं अशी घासायची, की तार गुंजायला लागते. केसभर जास्त घासलं की घोडी वाया. ते काम अब्बांचं; दुकानातच बसणारे त्यांचे धाकटे भाऊ, माझे चाचा, यांचा हात आता थरथरतो.

"मास्तर, पुस्तकात बघतोस तसा बघत बसू नगंस," चाचा म्हणाले. "घोडी तरी धर."

मी धरली. पुढचं मी बघितलं, केलं नाही. माझ्याच हातात कानस चालत होती. मान कलून कान तारेपाशी गेला होता. भुगा तीनदा फुंकला गेला, अब्बा फुंकायचे तसा. हे बघणारा मी होतो, यात शंका नाही. करणारा मात्र मला आत कुठंच सापडला नाही…

तार बोलली. बाई डोळे मिटून बसल्या.

चाचांनी माझा हात डोळ्यांना लावला. "भाईचा हात हाय ह्यो."

"चाचा, मी लावली."

"तू? तुला कान कुठं हाय रं?"

तेव्हा माझं लक्ष गेलं — कानस डाव्या हातात होती. मी उजव्या हाताचा. अब्बा डावखुरे.

लहानपणी बघून हात शिकला असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग एकट्यानं करून पाहिलं, दोन्ही हातांनी. तीन घोड्या बिघडल्या.

ते अब्बा असतील, तर जिवंतपणी ज्याला जवळ बसू दिलं नाही, त्याचा हात त्यांनी मेल्यावर न विचारता वापरला. आणि तो मीच असेन, तर ते आयुष्यभर चुकीचं बोलले, आणि मी ते ऐकलं. यातलं खरं काय, मला अजून कळलेलं नाही.

तंबोरा साताऱ्यात आहे. माझ्याकडे कानस आहे, आणि वाया गेलेल्या तीन घोड्या.