त्या रविवारी पप्पांना ताप नव्हता

मुलींना पाप म्हणजे काय ते शिकवण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं मला वाटायचं. खोटं सांगत नाही, अगदी मनापासून वाटायचं! चर्चमध्ये दर रविवारी लहान मुलांचा वर्ग मीच घ्यायची. घरी संध्याकाळच्या प्रार्थनेआधी दोघी मुलींनी उभं राहून त्या दिवशीची आपली चूक सांगायची, असा माझा नियम. मोठी सलोमी नऊ वर्षांची, ती खरीखुरी चूक शोधून आणायची. धाकटी रूथ पाच वर्षांची. ती रोज एकच सांगायची, "बकरीले लाथ मारली." बकरीला विचारलं असतं तर तीच म्हणाली असती, बाई, आठ दिवसांत मला कोणी शिवलंसुद्धा नाही. पण मी गंभीर चेहऱ्याने ऐकून घ्यायची. माझी स्वतःची चूक सांगायची पाळी या घरात कधी आलीच नव्हती.

त्या वर्षी आमच्या साखरखेर्ड्याकडे कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. बीटीचं बियाणं, अळीचं भय नाही म्हणून सगळ्यांनी लावलेलं. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत अळी बसलेली! फवारा, पुन्हा फवारा, एवढंच चाललं होतं. फवारणीचा बॅटरीवरचा पंप शेजाऱ्यांचा, तो आम्हाला मिळाला नेमका रविवारी. मुलींचे पप्पा म्हणाले, "आज चर्चात उपासना हाय, आज राहू दे. डोकं पण दुखून राह्यलं." मी काय ऐकते! "पंप उद्या कोण देते तुम्हाले? देव काही रागावत नाही," असं म्हणून त्यांना मीच वावरात दामटलं. निघताना मुलींना बजावलं, कोणी विचारलं तर पप्पांना ताप आलाय म्हणून सांगायचं. चर्चच्या दारात पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, मीही हसून तेच सांगितलं.

त्या दिवशी धडा होता बायबलातल्या योनाचा. देवाने एकीकडे जा म्हटलं आणि हा पठ्ठ्या उलट दिशेला पळाला. मी रंगात येऊन शिकवत होते, हातवारे करत होते. शेवटी विचारलं, "मग आपण कोणाची आज्ञा पाळायची?" सगळी पोरं ओरडली, "देवाची!"  सलोमी मात्र सतरंजीवर हळूच उभी राहिली.

"मम्मी, तू सांगतलं का पप्पाले ताप हाय म्हणून सांगजो. पप्पा तं वावरात फवारून राह्यले. मंग मी तुहं ऐकू का देवाचं?"

अगं बाई गं! धरणी दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते. पाळकसाहेब दारातच उभे होते. मी सलोमीकडे असं पाहिलं की तिला कळावं, घरी गेल्यावर तुझी धडगत नाही. पण ती खाली बसली नाही.  पाळकसाहेबांनी मला सोडून सलोमीलाच विचारलं, "बाळा, पप्पा एकटेच हायत काय तिथं?" ती हो म्हणाली. त्यांचा चेहरा उतरला. "एवढ्या उन्हात, एकटा माणूस, आणि फवारणी! चला ताई, बसा गाडीवर." उपासना सुरू व्हायची होती, ती तशीच राहिली. अंगातला पांढरा झगाही न काढता त्यांनी मोटारसायकल काढली. मागे बसून मी काय विचार करत होते सांगू? आता पाळकसाहेब चारचौघांत आमची लाज काढणार, एवढाच.

वावरात पोचलो तर पंपाचा आवाज नाही. कपाशीच्या ओळीत मुलींचे पप्पा पडलेले, पंप पाठीवर तसाच, तोंडाला फेस.  पाळकसाहेबांनी पंप सोडवला, कपडे उतरवले, ड्रममधलं पाणी अंगावर ओतायला लावलं आणि स्वतः झगा काढून बनियनवर रस्त्याकडे पळाले. रस्ता म्हणजे तासाला एखादी गाडी. आणि त्याच वेळी एक टेम्पो आला हो! झगा हलवणारा माणूस पाहून थांबला. गाद्या भरून विकणारे एक चाचा होते, दुसरबीडकडे निघालेले. मागे सगळ्या नव्या कोऱ्या गाद्या! झग्यात गुंडाळून यांना त्या गाद्यांवर निजवलं. वाटेत यांना उलट्या झाल्या, दोन गाद्या गेल्या. मी माफी मागायला लागले तर चाचा पुढूनच ओरडले, "गादी का क्या है बेटी, फिर भर लूंगा! आदमी का हाथ पकड़ के रख!" आपली वाट सोडून त्यांनी मेहकरच्या दवाखान्यात पोचवलं आणि ते निघाले. जाता जाता म्हणाले, या रस्त्याने ते कधी येत नाहीत, आज का वळले त्यांचं त्यांनाच माहीत नाही. मी त्यांचं नावही विचारलं नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

डॉक्टर म्हणाले, फवाऱ्याचं विष अंगात भिनलं होतं, उपासना संपायची वाट पाहिली असती तर उपयोग नव्हता. त्यांना काय माहीत, मी उपासना संपायचीच वाट पाहणार होते.

पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो. संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. कोणी न सांगता सलोमी उठली, दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले, डोळे मिटले. "माही चूक. मी मम्मीचं ऐकलं नाही."

 पाच दिवस हे पोर मनात तेवढंच धरून बसलं होतं! मी तिचे हात कानांवरून काढले, तिला खाली बसवलं आणि मी उभी राहिले.  "चूक माही हाय. मी खोटं बोलली, तुम्हाले खोटं बोलाले लावलं, पप्पा नाही म्हणत होते तं त्याइले धाडलं." रूथ आ वासून बघत होती. म्हणाली, "मम्मीले पण पाप लागते?" हे पाच दिवसांत पहिल्यांदा हसले. मी मात्र रडत होते आणि माझं मन पिसासारखं हलकं झालं होतं.

त्या वर्षी अर्धी कपाशी अळीने खाल्ली. जी राहिली ती आम्ही चौघांनी वेचली, चौघांनी! प्रभू, तुझे उपकार मी कोणत्या तोंडाने सांगू? मी मुलींना तुझं ऐकायला शिकवते म्हणत होते, आणि खरं तर माझंच ऐकायला शिकवत होते. तू माझ्याच वर्गात, माझ्याच लेकीच्या तोंडून मला थांबवलंस. आता लगाम तुझ्या हाती. जमतं तेवढं जमतं.

आता संध्याकाळी पहिला नंबर माझा असतो. कधी कधी मी उभी राहते आणि सांगायला जीभ रेटत नाही. मग रूथ माझा पदर ओढून कुजबुजते, "बकरीले लाथ मारली म्हन."

आणि दुसऱ्या बाजूने सलोमी म्हणते, "मम्मी, खरं सांग."